हीट पंप बसवायचा, पण विश्वास कुणावर ठेवायचा? ब्रिटनमधल्या मराठी घरांतून येणारे नेहमीचे प्रश्न

ऑक्टोबरअखेर घड्याळं तासभर मागे गेली की आमच्या मंडळींत हा विषय हमखास निघतो. कुणाचा घर तापवणारा गॅसचा बॉयलर म्हातारा झालेला असतो, कुणाच्या दारात हीट पंपाचं पत्रक पडलेलं असतं, आणि व्हॉट्सॲपवर कुणीतरी ‘हा सगळा फसवाफसवीचा धंदा आहे’ असा व्हिडिओ टाकलेला असतो. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी या धंद्यातला नाही. घरमालक आहे, आणि कोटेशनं वाचून वाचून डोळे फुटलेले आहेत.

हीट पंप म्हणजे नेमकं काय?

उलटा चालवलेला एसी. तुमचा फ्रिज आतल्या भाज्यांची उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, तसा हा बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरातल्या पाण्यात सोडतो. बाहेर 2 अंश असलं तरी त्या हवेत उष्णता असतेच. विजेचं एक युनिट खर्च केलं की घरात साधारण तीन युनिटं उष्णता येते. जाहिरात वाटावी असं हे वाक्य आहे, पण जादू कसलीही नाही. उष्णता तयार करायची नसते, फक्त उचलून आणायची असते, म्हणून हे जमतं.

सरकार बॉयलरच्या एवढं मागे का लागलंय?

ब्रिटनमधली सुमारे 85 टक्के घरं गॅसवर तापतात, आणि तो जळताना कार्बन हवेत जातो. वीज स्वच्छ करायची तर शंभरेक मोठी केंद्रं बदलावी लागतात. घरं गरम करण्याचं काम मात्र दोन कोटींहून जास्त स्वयंपाकघरांत आणि माळ्यांवर विखुरलेलं आहे, आणि प्रत्येक दाराआड एक माणूस आहे ज्याला ‘हो’ म्हणायचं आहे. घोडं तिथेच पेंड खातं.

पण वीजही शेवटी कोळशाचीच ना?

चंद्रपूर-कोराडी डोळ्यांपुढे ठेवून हा प्रश्न येतो, आणि महाराष्ट्रापुरता तो रास्तच आहे. ब्रिटनमध्ये मात्र कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर, 30 सप्टेंबर 2024 ला बंद झालं. आता तिथली वीज वारा, अणू, गॅस, थोडं ऊन आणि आयात यांची मिळून असते.

मग लोकांचा विश्वास का बसत नाही? गैरसमजामुळे?

‘लोकांना माहिती नाही, त्यांना शिकवा’ असं बरेच अधिकारी मानतात. मला ते पटत नाही. या देशातल्या घरमालकाचं तोंड दुधाने इतक्या वेळा पोळलंय की तो ताक फुंकून पितो, एवढंच.

2013 मध्ये ‘ग्रीन डील’ नावाची योजना आली. घराचं इन्सुलेशन कर्जावर करून घ्या आणि विजेच्या बिलातून हप्ता फेडा, अशी कल्पना होती. व्याज महाग, कागदपत्रं किचकट. लाखो घरांची स्वप्नं पाहिलेली ही योजना जुलै 2015 मध्ये गुंडाळली तेव्हा कर्जं पंधरा हजारांच्या आसपासच होती. सप्टेंबर 2020 मध्ये ‘ग्रीन होम्स ग्रँट’ आली. सहा लाख घरांची घोषणा होती, प्रत्यक्षात काम झालं पन्नास हजारांपेक्षाही कमी घरांचं, आणि मार्च 2021 ला तीही बंद. ज्या छोट्या ठेकेदारांनी या योजनेसाठी माणसं नेमली, प्रशिक्षण घेतलं, त्यांचे पैसे महिनोन् महिने अडकले. पुढच्या योजनेत त्यातला कोण कशाला उतरेल?

सर्वांत कडू घोट 2025 चा. सरकारी योजनांखाली घरांच्या बाहेरच्या भिंतींवर जे इन्सुलेशन चिकटवलं गेलं, त्याची राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने ऑक्टोबरमध्ये तपासणी मांडली. 98 टक्के घरांत दुरुस्ती करावीच लागेल असे मोठे दोष होते. म्हणजे बावीस-तेवीस हजार घरं. भिंतीत ओल अडकली, बुरशी धरली. ही बहुतेक घरं गरजू कुटुंबांची होती. दारावर आलेल्या माणसाच्या फाइलीवर सरकारी योजनेचं नाव पाहून त्यांनी सही केली होती.

यात हीट पंपाचा दोष काहीच नव्हता. पण उद्या त्याच दारावर दुसरा माणूस तसलीच फाइल घेऊन आला, तर दार कोण उघडेल?

भरीला धरसोड. 2020 मध्ये बोरिस जॉन्सन सरकारने सांगितलं की 2028 पर्यंत वर्षाला सहा लाख हीट पंप बसतील. 20 सप्टेंबर 2023 ला ऋषी सुनक यांनी तेलावरच्या बॉयलरबंदीची तारीख 2026 वरून 2035 वर ढकलली, आणि त्याच भाषणात हीट पंपाचं अनुदान निम्म्याने वाढवलं. घाई करायची की थांबायचं, हे त्यातून कुणाला कळलं असेल? 2024 मध्ये विकले गेले जेमतेम एक लाखाच्या आसपास.

उत्तर आयर्लंडमधलं ते ‘कॅश फॉर ॲश’, म्हणजे राखेच्या बदल्यात पैशांचं, प्रकरण काय होतं?

ते सांगावंच लागेल, कारण उष्णतेच्या अनुदानावरून सरकार पडल्याचं असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. 2012 मध्ये तिथे व्यवसायांसाठी योजना आली: लाकडी गोळ्यांचा बॉयलर लावा, जेवढी उष्णता तयार कराल तेवढे पैसे मिळतील. गोम अशी की मिळणारा दर इंधनाच्या खर्चापेक्षा जास्त होता, आणि कमाल मर्यादा ठेवलेलीच नव्हती. जितकं जाळाल तितका नफा! रिकाम्या शेडही गरम ठेवल्या जात असल्याच्या तक्रारी आल्या. वीस वर्षांत 49 कोटी पौंडांचा भुर्दंड बसेल असा अंदाज निघाला. योजना आणणाऱ्या खात्याच्या तेव्हाच्या मंत्री आर्लीन फॉस्टर तोवर फर्स्ट मिनिस्टर झाल्या होत्या. जानेवारी 2017 मध्ये डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर मार्टिन मॅकगिनेस यांनी राजीनामा दिला आणि स्टॉरमाँटचं, म्हणजे उत्तर आयर्लंडचं, सरकार कोसळलं, ते जानेवारी 2020 पर्यंत उभं राहिलं नाही. सर पॅट्रिक कॉगलिन यांच्या चौकशीत खापर मुख्यतः ढिसाळ कारभारावर आणि नीट न समजता केलेल्या योजनेवर फुटलं.

बेलफास्टकडच्या माणसाला ‘हरित उष्णतेसाठी अनुदान’ म्हणा आणि त्याचा चेहरा बघा.

हायड्रोजन येणार आहे म्हणे. तोवर थांबावं का?

नको. इंग्लंडमधल्या एल्समिअर पोर्टच्या व्हिटबी भागात सुमारे दोन हजार घरांचा गॅस बंद करून पाइपातून हायड्रोजन द्यायचा बेत होता. लोकांना तो कळला तेव्हा बरंचसं ठरलेलं होतं. ‘नको असेल तर?’ या साध्या प्रश्नाला सुरुवातीला धड उत्तर मिळालं नाही. आपल्याला प्रयोगशाळेतले उंदीर केलंय, अशी भावना पसरली, लोक सभांना गर्दी करू लागले, आणि जुलै 2023 मध्ये सरकारने बेत सोडला. दुसरं ठिकाण रेडकार होतं. तिथेही विरोध होता, शिवाय पुरेसा हायड्रोजन मिळण्याची खात्री नव्हती. डिसेंबर 2023 ला तेही संपलं.

स्कॉटलंडमध्ये फाइफ इथे सुमारे तीनशे घरांचा प्रयोग पहिल्यापासून ‘ज्याला हवं त्याने यावं’ अशा पद्धतीने आखला. तिथे व्हिटबीसारखा गदारोळ झाला नाही. वायू तोच होता, विचारायची रीत वेगळी होती.

बिल कमी होईल का? खरं सांगा.

कदाचित. ‘नक्की कमी होईल’ असं म्हणणाऱ्याला आणि ‘दुप्पट येईल’ म्हणणाऱ्याला, दोघांनाही आकडेमोड करून दाखवायला सांगा. मी माझी दाखवतो.

ऑक्टोबर ते डिसेंबर 2025 साठी नियामकाने ठरवलेल्या कमाल दरात वीज 26.35 पेन्स आणि गॅस 6.29 पेन्स युनिट होता. म्हणजे वीज चौपटीहून महाग. सर्वसाधारण घर वर्षाला 11,500 युनिट गॅस वापरतं असं धरलं, तर गॅसचे 723 पौंड, आणि वर गॅसचा स्टँडिंग चार्ज (वापरा न वापरा, कनेक्शनसाठी द्यावाच लागणारा आकार) रोज 34 पेन्स, म्हणजे वर्षाला 124. एकूण 847. बॉयलर 88 टक्के कार्यक्षम असेल तर त्या गॅसमधून प्रत्यक्ष उष्णता मिळते 10,120 युनिट.

आता तेवढीच उष्णता हीट पंपाने घ्या. एका युनिटमागे 2.8 युनिटं देणारा पंप असेल तर विजेचे 952 पौंड, म्हणजे शंभरेक पौंडांनी खिशाला चाट. 3.5 देणारा असेल तर 762, म्हणजे 85 पौंडांची बचत. 4 असेल तर 667. बचतीचे हे आकडे गॅसचं कनेक्शन पूर्ण तोडलं तरच खरे आहेत. शेगडी गॅसवर ठेवलीत तर ते 124 पौंड भरतच राहाल. हीट पंपासाठी रात्री-दुपारी स्वस्त वीज देणारे खास दर घेतले, तर चित्र आणखी सुधारतं. दर तीन महिन्यांनी बदलतात, तेव्हा आकडे ताजे घालून हीच बेरीज करा.

हा 2.8 आणि 3.5 मधला फरक यंत्राच्या कंपनीवर फारसा अवलंबून नाही. पाइप, रेडिएटर आणि पाण्याचं तापमान कुणी आणि किती डोकं लावून ठरवलं, त्यावर आहे. सरकारी खर्चाने 742 घरांत पंप बसवून मोजमाप केलं गेलं, तेव्हा मधला आकडा 2.8 च्या आसपास आला. काही घरं त्याच्या खूप वर होती, काही खाली.

आणि वीज एवढी महाग का, हाही अविश्वासाचाच भाग आहे. हरित धोरणांचा बराचसा खर्च वर्षानुवर्षं गॅसऐवजी विजेच्या बिलावर टाकला गेला. एका हाताने अनुदान द्यायचं आणि दुसऱ्या हाताने त्याच माणसाचं वीजबिल फुगवायचं, असा हा हिशोब. नोव्हेंबर 2025 च्या अर्थसंकल्पात त्यातला काही भार बिलावरून काढायचं जाहीर झालं. उशिरा का होईना.

आमचं घर जुनं, व्हिक्टोरियन विटांचं आहे. चालेल?

त्या 742 घरांत व्हिक्टोरियन घरं होती, साठच्या दशकातले फ्लॅटही होते. कुठल्याच प्रकारचं घर मुळातच अपात्र ठरलं नाही. काही रेडिएटर मोठे घ्यावे लागतील, आणि माळ्यावर इन्सुलेशन नसेल तर ते आधी घाला. ते तर बॉयलर ठेवलात तरी घालायला हवं.

रेडिएटर कोमटच लागतात. बिघडलंय का?

नाही. बॉयलर पाणी 60-70 अंशांवर पाठवतो, हीट पंप 35 ते 50 वर. हात लावला तर चटका बसणार नाही, पण खोली 20 अंशांवर येते की नाही ते थर्मामीटरवर बघा. आपल्याकडे खोलीतून बाहेर पडताना दिवा-पंखा बंद करायची शिस्त लहानपणीच लावलेली असते, म्हणून ‘दिवसभर चालू’ हे ऐकूनच जीव वरखाली होतो. पण हीट पंप संथ आणि सतत चालण्यासाठीच आहे. सकाळी तासभर आणि संध्याकाळी दोन तास असा बॉयलरसारखा चालवला, तर प्रत्येक वेळी त्याला जास्त गरम पाणी काढावं लागतं, आणि बिल वाढतं. बसवणाऱ्याने हे समजावून सांगितलं नाही, आणि मग लोक म्हणतात, ‘पंप फसवा निघाला.’

खरी कडाक्याची थंडी पडली तर?

नॉर्वेत दर शंभर घरांमागे सुमारे साठ हीट पंप आहेत. तिथली थंडी ब्रिटनपेक्षा सौम्य नाही.

मला जास्त शिकण्यासारखी वाटते ती स्वीडनची गोष्ट. सत्तरच्या दशकातल्या तेलसंकटानंतर तिथे हीट पंपांची लाट आली, आणि ऐंशीच्या दशकात ती फुटली. तेल स्वस्त झालं, मदत आटली, आणि घाईघाईने बसवलेली कितीतरी यंत्रं सुमार निघाली. पंपाचं नाव बदनाम झालं. नव्वदच्या दशकात सरकारने कंपन्यांसाठी स्पर्धा लावली की चांगलं आणि स्वस्त यंत्र करून दाखवा, आणि यंत्रांच्या स्वतंत्र चाचण्यांवर भर दिला. आज स्वीडिश माणूस हीट पंपावर चर्चा करत नाही, जसे आपण मिक्सरवर करत नाही.

जबरदस्ती होणार का? जर्मनीत तर केली म्हणे.

ब्रिटनमध्ये घरातला चालू बॉयलर काढायला लावणारा कायदा आज नाही.

जर्मनीत 2023 च्या वसंतात हीटिंग कायद्याचा कच्चा मसुदा ‘बिल्ड’ या वृत्तपत्राच्या हाती लागला. नवं हीटिंग 65 टक्के नवीकरणीय हवं, असा त्यात नियम होता. मदत किती मिळणार हे मात्र तेव्हा ठरलेलंच नव्हतं. ‘हाइत्सहॅमर’, म्हणजे हीटिंगचा हातोडा, हा शब्द घराघरांत पोचला, आणि मंत्री रॉबर्ट हाबेक खलनायक ठरले. सप्टेंबरमध्ये बराच मऊ केलेला कायदा मंजूर झाला, पुढे 70 टक्क्यांपर्यंत अनुदानही आलं. पण 2023 मध्ये 3,56,000 पंप विकले गेले होते, ते 2024 मध्ये 1,93,000 वर घसरले. आधी धाक आणि मागून मदत, असा क्रम लागला की मदत कुणाला दिसत नाही.

याउलट 1967 ते 1977 या दहा वर्षांत ब्रिटनने सव्वा कोटीहून जास्त ग्राहकांचा कोळशाचा गॅस बदलून उत्तर समुद्राचा नैसर्गिक गॅस दिला. तीही एका अर्थी जबरदस्तीच होती. पण सरकारी गॅस मंडळाची माणसं गल्लीगल्लीत आली, शेगड्या-हीटर फुकट जुळवून गेली. तक्रारी झाल्या, तरी जबाबदार कोण हे सर्वांना माहीत होतं. आज मात्र फिटर शोधा, कोटेशनं तुलना करा, अनुदान समजून घ्या, वीज कंपनीशी बोला, हे सगळं घरमालकानेच करायचं. माझ्या मते अविश्वासाचं खरं मूळ इथे आहे.

अनुदान किती, आणि पैसे कुणाच्या हातात?

इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीमखाली 7,500 पौंड. अर्ज फिटर करतो, रक्कम तुमच्या बिलातून वजा होते. तुमच्या खात्यात काही येत नाही. म्हणून ‘आधी पूर्ण भरा, अनुदान नंतर मिळवून देतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्या. स्कॉटलंडची योजना वेगळी आहे, तिथे अनुदानाबरोबर बिनव्याजी कर्जही मिळतं. अनुदान वजा करण्याआधी काम साधारण 12-13 हजार पौंडांचं असतं. मार्च 2027 अखेरपर्यंत व्हॅट शून्य आहे.

चांगला फिटर कसा ओळखायचा?

एमसीएस (अशी यंत्रं बसवणाऱ्यांना मान्यता देणारी योजना) प्रमाणपत्र हवंच, त्याशिवाय अनुदानच नाही. पण प्रमाणपत्र ही पहिली पायरी झाली. माझ्याकडे तिघे येऊन गेले. पहिल्याने स्वयंपाकघरात उभं राहूनच आकडा सांगितला. दुसऱ्याने चार फोटो काढले आणि घर किती बेडरूमचं ते विचारलं. तिसरा अडीच तास होता. प्रत्येक खोली मोजली, खिडक्या किती जुन्या ते पाहिलं, मागच्या वर्षीची गॅसची बिलं मागितली, आणि जाताना म्हणाला की पायऱ्यांखालचा रेडिएटर तसाच राहू द्या, उगाच खर्च करू नका. काम त्याला दिलं.

विचारायचे प्रश्न हे: खोलीवार उष्णतेचा हिशोब लेखी देणार का? बाहेर सर्वांत थंड दिवस असताना पाणी किती अंशांवर धाडणार? 45 म्हणाला तर बरं, 55 म्हणाला तर ‘का?’ विचारा. तुम्ही बसवलेल्या एखाद्या घरी मला जाता येईल का? ‘नेस्टा’ या संस्थेची हीट पंप असलेल्या घरी जाऊन बघायची सोय आहे, तीही वापरा. अनोळखी माणसाच्या दिवाणखान्यात अर्धा तास बसून जे कळतं, ते दहा व्हिडिओंत कळत नाही.

आवाज?

शेजाऱ्याच्या खिडकीपाशी किती आवाज पोचेल याचा हिशोब फिटरने करायचाच असतो. इंग्लंडमध्ये शेजाऱ्याच्या हद्दीपासून एक मीटर अंतराची जुनी अट मे 2025 मध्ये गेली, आवाजाची मर्यादा राहिली. पंपाचं बाहेरचं यंत्र बेडरूमच्या खिडकीखाली घेऊ नका.

भाड्याने राहतो.

मग निर्णय घरमालकाचा. विचारून बघा, एवढंच हातात आहे.

आताचा बॉयलर चार वर्षांचाच आहे. काढू?

मी काढला नसता. तोवर माळ्याचं इन्सुलेशन करा, आणि बॉयलरच्या पाण्याचं तापमान 55 वर आणून एक हिवाळा राहून बघा. घर उबदार राहिलं तर तुमचे रेडिएटर हीट पंपाला बहुतेक पुरतील. या चाचणीला दमडी लागत नाही.

गरम पाण्याचा सिलिंडर, म्हणजे टाकी, ठेवायला जागा कुठून आणायची? त्या कपाटात आमचं देवघर आहे.

हसू नका, हा प्रश्न मला तीन घरांतून आलाय. कॉम्बी बॉयलर आले तेव्हा जुन्या टाक्या निघाल्या आणि त्या कपाटांत देव गेले. हीट पंपाला गरम पाण्याची टाकी लागतेच. चार माणसांच्या घराला साधारण 200 लिटर पुरते, पण आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतील आणि सकाळी सहा जणांच्या आंघोळी लागोपाठ असतील, तर फिटरला आधीच सांगा. टाकी गॅरेजमध्ये किंवा माळ्यावरही बसते, जागा आणि भार बघून.

गॅस तोडला तर फुलके कशावर?

इंडक्शनवर तवा तापतो, पोळी छान होते, पण आचेवर फुगणारा फुलका होत नाही. जाळी ठेवून विजेच्या कॉइलवर जमवणारे आहेत. वांग्याचं भरीत ओव्हनमध्ये होतं, धुराचा वास मात्र येत नाही. आमच्या घरी पंप लागला त्याला दुसरा हिवाळा आहे, आणि गॅसचं कनेक्शन अजून तसंच आहे. वर्षाला 124 पौंड आम्ही निव्वळ फुलक्यांसाठी भरतो. आई मार्चमध्ये नाशिकला परत जाणार आहे, त्यानंतर बघू.